मागचा आवाज

समितीच्या खोलीत याआधी शेवटची नवी वस्तू आली होती ती म्हणजे छताचा पंखा, आणि तोही एक सभासद बाई वारल्यावर तिच्या मुलीने आठवण म्हणून बसवून दिलेला. त्यामुळे गिन्वा पाच जुने संगणक, तारांची भेंडोळी आणि उचलताना कंबर धरेल अशी बॅटरी घेऊन तिसऱ्या मजल्यावर आली, तेव्हा सगळ्या म्हाताऱ्या खुर्च्या मागे सरकवून, घरात नवी सून येतेय अशा नजरेने बघत बसल्या. सून कशी निघेल कोण जाणे, हेही त्या नजरेत होतंच.

खोली बैरूतच्या रास-अल-नबा भागात, एका जुन्या इमारतीत. युद्धाच्या वर्षांत ज्यांची माणसं नाक्यांवरून, घरांतून, भाजी आणायला गेलेली असताना उचलली गेली, त्या बायकांची ही समिती. प्रेत नाही, निरोप नाही, कबर नाही. भिंतीवर फोटो होते. फोटोतली मुलं विशीची, जाड मिशांची, मोठ्या कॉलरची. आणि खाली बसलेल्या त्यांच्या आया ऐंशीच्या. काही मुलं आता आपल्याच आईचे नातू शोभली असती. पहिल्यांदा येणाऱ्याला त्या भिंतीकडे फार वेळ बघवत नसे. गिन्वाला काही वाटत नसे, कारण ती याच भिंतीखाली बसून गृहपाठ करत मोठी झाली होती. तिचा बापही तिथेच होता, खिडकीशेजारी, ब्रेडच्या गाडीला टेकून हसणारा. अदीब. एका सकाळी गाडी घेऊन गेला तो गेलाच. गिन्वाला तेव्हा नीट चालताही येत नव्हतं.

कपाटात कॅसेटी होत्या. इतक्या वर्षांत ज्याने जे सांगितलं ते या बायकांनी टेप करून ठेवलं होतं: सुटून आलेले कैदी, नाक्यावर बंदूक धरून नंतर पस्तावलेली पोरं, शेजारी, एखादा पाद्री, एखादा शेख. आता फिती सुटायला लागल्या होत्या आणि ऐकणारीही एकेक करून चालली होती. गिन्वा एका कंपनीत संगणकांची देखभाल करायची. तिनेच सुचवलं की हे सगळं यंत्राकडून लिहून घेऊ, आणि एका टेपमधला आवाज दुसऱ्या टेपमध्ये सापडतो का तेही बघू. बाहेरच्या मोठ्या कंपन्यांच्या यंत्रांवर हे काम चुटकीसरशी झालं असतं. पण टेपांमध्ये नावं होती, आणि त्यातली निम्मी नावं आता कोट घालून टीव्हीवर देशप्रेम शिकवत होती. वाद वाढण्याआधीच उम्म रामेझने तो मिटवला.

“टेप या खोलीबाहेर जाणार नाही. माझ्या रामेझलासुद्धा ‘पाच मिनिटांत आणून सोडतो’ म्हणूनच नेलं होतं.”

उम्म रामेझ, म्हणजे रामेझची आई. तिचं स्वतःचं नाव कुणाच्या तोंडी राहिलं नव्हतं. गिन्वाची आई तघरीद आणि ती, दोघींच्या खुर्च्या गेली कित्येक वर्षं शेजारी शेजारी. एकीला खोकला आला की दुसरी पिशवीतून गोळी काढणार. दोघींनी मिळून मंत्र्यांच्या दारात धरणी धरली होती, पावसात भिजल्या होत्या, आणि परतताना मसाला लावलेली एकच रोटी, मनूशे, अर्धी अर्धी खाल्ली होती. गिन्वा उम्म रामेझला खाला म्हणायची, आणि सख्ख्या मावशीने केले नसते इतके लाड त्या खालाने तिचे केले होते.

तर यंत्रं इथेच बसवायची ठरली. गिन्वाने लोखंडी मांडणीवर पाच संगणक रचले आणि तारेने एकमेकांना जोडले. मोठं मॉडेल चालवण्याची त्यांची ऐपत नव्हती, म्हणून तिने लहान लहान मॉडेलं निवडली आणि प्रत्येकाला त्याच्या स्वतंत्र कंटेनरमध्ये, म्हणजे संगणकातल्याच एका बंद कप्प्यात ठेवलं, म्हणजे एकाचं बिघडलं तरी दुसऱ्याला त्याची झळ नको. एक आवाज स्वच्छ करणारं, एक बोलणं लिहून काढणारं, एक आवाजाशी आवाज जुळवणारं. उम्म रामेझने कंटेनरचे लगेच डबे केले. “आज कुठल्या डब्यात काय शिजतंय?” असं ती आल्या आल्या विचारायची. या सगळ्या डब्यांवर देखरेख करणारा एक कार्यक्रम होता, त्याला गिन्वा मुकादम म्हणायची. मुकादमाला फक्त एवढंच लिहून द्यायचं की अमुक कंटेनर इतके जिवंत पाहिजेत. मग तो डोळ्यात तेल घालून बसतो. एखादा मेला की त्याच्या जागी तसाच दुसरा उभा करतो.

उम्म रामेझने हे दोनदा समजावून घेतलं.

“आणि त्याला कुणी सांगितलं की तो मेला, आता सोड नाद, तर?”

“तो ऐकत नाही खाला. लिहिलेलं बदलत नाही तोवर उठवतच राहतो.”

“म्हणजे आमच्यातलाच आहे,” उम्म रामेझ म्हणाली, आणि सगळ्याजणी हसल्या. गिन्वाही हसली, पण तिच्या अंगावर काटा आला.

तसं त्या खोलीत काटा यायला निमित्त लागत नसे. सरकारी वीज जाऊन गल्लीतल्या जनरेटरची येईपर्यंत दिवे डोळा मारायचे, बॅटरी असूनही एखादा संगणक झोपायचा, आणि त्याच्यावरचं काम मुकादम मुकाट्याने दुसऱ्यावर हलवायचा. भर दुपारी, खोलीत कुणी नसताना, मांडणीवरचे हिरवे ठिपके एका टोकाला विझत आणि दुसऱ्या टोकाला पेटत. गिन्वा कानांवर हेडफोन लावून बसायची. कधीचे मेलेले लोक तिच्या कानात खाकरायचे, खुर्ची ओढायचे, साखर किती म्हणून विचारायचे, आणि मग कोणाला कुठल्या भिंतीशी उभं केलं ते सांगायचे. हेडफोन काढले की शांतता कानात शिरायची, आणि ती जास्तच वाईट असायची.

हे सगळं ती का करत होती ते सगळ्यांना ठाऊक होतं. तिला बाप हवा होता. जिवंत मिळेल अशी आशा धरण्याइतकी ती खुळी नव्हती, पण कुठे पुरलाय एवढं कळलं तरी तिला चाललं असतं. बापाची तिच्याकडे एकच खूण होती आणि तीही गेल्याच वर्षी हाती आली. युद्धात टपाल बंद पडलं तेव्हा लोक पत्रं बोलून कॅसेटवर भरायचे आणि परदेशी निघालेल्या कुणाच्या तरी खिशात द्यायचे. अदीबने आबिदजानला दुकान असलेल्या आपल्या भावाला असंच एक पत्र धाडलं होतं. भाऊ वारल्यावर त्याच्या मुलाने ते परत पाठवलं. गिन्वाने चाळिशीत पहिल्यांदा बापाचा आवाज ऐकला. आवाज गोड होता, जरा लाजरा. जर्दाळू आलेत, म्हणत होता. गनूजला, म्हणजे गिन्वाला, पहिला दात आला, तघरीदने गहू शिजवून गल्लीत वाटले, पोरीने मला पुरावं रे, असं म्हणत होता. तू मला पुरावंस, हे तिथलं लाडाचं बोलणं. माझ्याआधी तू जाऊ नकोस, एवढाच त्याचा अर्थ. समितीतल्या बायकांनी ते बोलणं सोडून दिलं होतं. गिन्वाने मात्र ते पत्र इतक्यांदा ऐकलं की नवऱ्याने चेष्टा करायचीही सोडून दिली.

यंत्रणा चालते का ते बघायला तिने सर्वात आधी तेच पत्र आत घातलं: हा माझा बाप, हा आवाज ओळख. मग एकेक टेप. उम्म रामेझची टेप शेवटी आली, कारण ती कपाटात नव्हतीच. ती प्लास्टिकच्या पिशवीत घालून, सेफ्टी पिनेने पोलक्याला आतून लावलेली असायची. रामेझला नेल्यानंतर काही दिवसांनी घरी एक फोन आला होता, आणि दिराने सांगून ठेवल्याप्रमाणे तिने रिसीव्हरला टेपरेकॉर्डर लावला होता. समितीत आली त्या दिवशी तिने ती सगळ्यांना एकदा ऐकवली. नंतर फीत झिजेल या भीतीने पुन्हा कधी लावली नाही. नक्कल होताना यंत्र तिने स्वतःच्या मांडीवर धरलं, दोन्ही हातांनी, आणि संपेपर्यंत पापणी हलवली नाही.

मंगळवारी दुपारी जुळणी आली. फोनवरचा माणूस आणि अदीब एकच.

गिन्वाला आधी हसू आलं. मॉडेल लहान आहे, फीत जुनी आहे, आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार. तिने स्वतः संगणकातल्या दोन्ही नकला पाठोपाठ लावल्या. फोनवरचा माणूस म्हणत होता, “बाई, रडू नका. मुलगा आमच्याकडे आहे, जेवलाय. उद्या कळवतो.” तोच लाजरा आवाज. ‘उद्या’ म्हणताना तसाच किंचित खाली गेलेला, जसा ‘जर्दाळू’ म्हणताना. माशी झटकावी तसा तिने तो कंटेनर मारून टाकला. मुकादमाने लगेच दुसरा उभा केला. त्याने पहिल्यापासून काम सुरू केलं, आणि थोड्या वेळाने पुन्हा तिच्यापुढे बाप आणून ठेवला. तिने पुन्हा मारला, तो पुन्हा उठला. मारून काही होत नाही, लिहिलेला आकडा बदलावा लागतो, हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? पण हात तेच तेच करत राहिले, आणि बाप तेवढ्यांदा परत आला. भिंतीवरून तोच हसत होता. गिन्वाने खुर्ची फिरवली आणि पाठ करून बसली, तर पाठीलाच डोळे जाणवायला लागले.

घरी तघरीद भात भरण्यासाठी कोवळ्या कूशांचा, तिकडच्या वीतभर दुधींचा, गर कोरून काढत बसली होती. गिन्वाने समोर बसून सगळं सांगितलं. तघरीदचा हात थांबला नाही.

“मला माहीत आहे,” ती म्हणाली. “तिनं टेप लावली त्याच दिवशी कळलं. तुझ्या वेळी मी कळा देत होते तेव्हा मलाही असंच म्हणाला होता, रडू नकोस, उद्यापर्यंत सगळं ठीक होईल.”

गिन्वाला आईचा इतका राग कधी आला नव्हता. तिने विचारलं, मग इतकी वर्षं तिच्या शेजारी बसलीस कशी?

“त्या दिवशी उठले असते तर का उठलीस म्हणून तिनं विचारलं असतं. म्हणून बसले. मग सवय झाली. मग जीव जडला. ते तर आणखी वाईट.” तिने पोखरलेला कूसा पाण्यात टाकला. “मी त्याची वाट बघत नव्हते असं समजू नकोस. तुझ्यापेक्षा जास्त बघत होते. त्याला दारात उभा करून विचारायचं होतं, तिचं पोर कुठे ठेवलंस ते सांग. मग कुठल्या नरकात जायचं तिथे जा.”

तिने पुढचा कूसा कोरायला घेतला. मग तघरीदने विचारलं, ते यंत्र चुकू शकतं ना. गिन्वा म्हणाली, शकतं, लहानच मॉडेल आहे.

“मग चुकलं म्हण,” तघरीद म्हणाली. “माझ्याकडे तिच्याशिवाय कोण आहे?”

ऐंशीच्या घरातल्या आईने असं मागितल्यावर लेकीने काय करावं? गिन्वा दुसऱ्या दिवशी खोलीवर गेली आणि जुळवणाऱ्या कंटेनरपुढचा आकडा शून्य केला. मुकादमाने हुकूम पाळला. कंटेनर पडला, पुन्हा उठला नाही. जीव भांड्यात पडेल असं तिला वाटलं होतं, पण पडला नाही. तिला स्वतःची शिसारी आली. एका माणसाला उचलून दडवणं किती सोपं असतं, ते तिला पहिल्यांदाच समजलं.

गुरुवारी समितीची बैठक असायची. दोघी म्हाताऱ्या हातात हात घालून जिना चढून आल्या, प्रत्येक मजल्यावर थांबत. बाकीच्या अजून यायच्या होत्या. उम्म रामेझने खुर्चीत टेकत विचारलं, माझ्या टेपचं काही निघालं का?

“नाही खाला,” गिन्वा पडद्याकडे बघत म्हणाली. “मॉडेल लहान पडतं. जमलं नाही.”

“बरं.” ती थोडा वेळ धाप टाकत राहिली. “तुझ्या बापाचं तरी काही लागलं का गं? माझं राहू दे, पण तू तरी मोकळी हो. तू मला पुरावंस, मी डोळे मिटायच्या आत तुझं तरी कळू दे.”

त्या खोलीत ते बोलणं कुणी बोलत नसे. तघरीदने डोळे मिटून घेतले, उघडले, आणि उम्म रामेझच्या हातातून आपला हात काढून घेतला.

“तो फोन अदीबचा होता,” ती म्हणाली. “मला पहिल्या दिवसापासून ठाऊक आहे. गिन्वा, लाव ती टेप.”

उम्म रामेझने तघरीदकडे बघितलंही नाही. पंखा फिरत होता. बाहेर कुणीतरी गॅसच्या टाक्या वाजवत गल्लीतून गेला. उम्म रामेझच्या तोंडून शिवी निघेल, ती उठून जाईल, छाती पिटेल, यातलं काहीही झालं असतं तरी गिन्वाला बरं वाटलं असतं. ती एवढंच म्हणाली, “ऐकव.”

गिन्वाने फोन ऐकवला, मग बापाचं पत्र. स्पीकरमधून अदीब खोलीत आला आणि भावाला जर्दाळूचं सांगू लागला. उम्म रामेझ जर्दाळूपाशी पुटपुटली की रामेझला नेलं तेव्हा झाडं नुसती फुलावर होती. पत्र संपलं. तिने मान हलवली.

“हे असं कसं? पुसून काढल्यासारखं. खोलीत बोलतोय की विहिरीत, काही कळत नाही.”

गिन्वाने सांगितलं की प्रत्येक टेप आधी स्वच्छ करण्याच्या कंटेनरमधून जाते. बोलणाऱ्याचा आवाज ठेवतात, मागचा गोंगाट काढून टाकतात. सगळीकडे असंच करतात, नाहीतर मॉडेल गोंधळतं.

उम्म रामेझ तिच्याकडे बघत राहिली. त्या नजरेत राग नव्हता. चुकलेल्या पोराकडे बघावं तशी ती बघत होती.

“मागचा कशाला काढतेस गं? आमची पोरं मागेच असणार ना.”

सबंध कपाटभर टेपा गिन्वाने अशाच धुऊन काढल्या होत्या. पत्र तर आल्यापासून ती घरच्या संगणकावर स्वच्छ केलेलंच ऐकायची, कारण बाप त्यात जवळ बसल्यासारखा वाटायचा. मूळ फीत तिने नक्कल करण्यापुरती एकदाच चालवली होती, आणि तीही आवाज बंद ठेवून. आता तिने ती कॅसेट काढली, साध्या टेपरेकॉर्डरमध्ये घातली आणि कळ दाबली.

आधी फीत खरखरली. कुठेतरी लांब गाड्या जात होत्या, नळ गळत होता. अदीब बोलायला लागला तेव्हा त्याचा आवाज मोठ्या, रिकाम्या खोलीत घुमत होता. घरात बसून केलेलं पत्र नव्हतं ते. गनूजला दात आला, तो म्हणाला, तघरीदने गहू शिजवले. त्याच्या मागे कुणीतरी खोकलं. दार असावं मध्ये. पुन्हा खोकला, आणि मग एक तरुण, बसलेला आवाज अगदी अदबीने म्हणाला, “दादा, थोडं पाणी मिळेल?”

अदीब थांबला. तोंड दुसरीकडे करून ओरडला, “चूप.” आणि परत पहिल्यासारखाच गोड, जरा लाजत म्हणाला, “तर काय सांगत होतो, पोरीने मला पुरावं रे.”

गिन्वाने टेप थांबवली. तघरीदने तोंडाला रुमाल लावला होता. त्या दुसऱ्या आवाजाशी जुळवायला यंत्राकडे काहीच नव्हतं. रामेझचा आवाज कधी कुणी टेप केला नव्हता. तो रामेझ होता की दुसऱ्याच कुणा आईचा मुलगा, हे सांगू शकेल असं जगात एकच माणूस होतं, आणि ते टेपरेकॉर्डरवर तळहात ठेवून बसलं होतं.

“परत लाव,” उम्म रामेझ म्हणाली.

गिन्वाने विचारलं, तोच आहे का?

“परत लाव.”

तिने लावली. उम्म रामेझ म्हणाली, त्या माणसाचं नको, माझ्या मुलाचं तेवढं ऐकव. गिन्वाने फीत पुढे नेली, मागे आणली, आवाज वाढवला, कमी केला. पण रामेझ एवढंसंच बोलला होता, आणि तेही अदीबच्या दोन शब्दांच्या मधे. त्याला ऐकायचं तर आधी गिन्वाचा दात यायचा होता आणि शेवटी गिन्वाच्या बापाने चूप म्हणायचं होतं. उम्म रामेझने तेही ऐकून घेतलं, पुन्हा पुन्हा, बाकीच्या बायका जिना चढून येईपर्यंत.